पिकअपला ट्रान्समिशन कूलर बसवला: कूलर झकास, डब्यातलं बाकी सामान फेकून द्या

आईला फोनवर सांगितलं की शनिवारी गाडीला कूलर बसवला, तर ती म्हणे, "काहून रे, एसी बिघडला का गाडीचा?" आमच्या अकोल्यात कूलर म्हणजे पत्र्याचा डबा, तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली टुल्लू पंप, आणि एप्रिल लागला की माळ्यावरून उतरवायचा. तिला म्हटलं हा गिअरबॉक्सचा कूलर आहे, त्यातलं तेल थंड करतो. "बरं, मंग पाणी किती टाकावं लागते?" पाणी नाही लागत आई. "मंग कायचा कूलर!" आणि विषय संपला.

तर हा त्या बिनपाण्याच्या कूलरचा रिव्ह्यू. मी राहतो फिनिक्सला, ॲरिझोनात. अकोल्याच्या माणसाला ऊन शिकवू नये म्हणतात पण या गावाने मला शिकवलं, २०२३ च्या जुलैत इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला होता, म्हणजे आपल्या हिशेबात ४३ च्या वर, रोज, महिनाभर. अशा वेळी जो तो उठतो आणि फ्लॅगस्टाफला पळतो. फ्लॅगस्टाफ म्हणजे आमचं चिखलदराच समजा, फक्त उंचीला जवळपास दुप्पट. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ सात हजारांवर, मधे आय-१७ हायवेचे दीडशेला जरा कमी मैल, आणि तो रस्ता नुसता चढत नाही, मधे कॅम्प व्हर्डीला खाली उतरवतो आणि पुन्हा चढवतो, म्हणजे एकदा कमावलेली उंची घालवून परत कमवायची.

गाडी आहे २०११ ची टोयोटा टकोमा, चार लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, पाच गिअरची ऑटोमॅटिक, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने मागे हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा हुक, लावून ठेवला होता त्यामुळे मला वाटलं वा, ओढायची सगळी सोय आहे. नव्हती. कंपनीचं टो पॅकेज (ट्रेलर ओढायची तयारी) असलेल्या गाडीला एसीच्या कंडेन्सरच्या पुढे तेलाचा वेगळा छोटा कूलर लावून येतो, माझ्या गाडीला तो नाही, नुसता हिच. म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायचं ते फक्त रेडिएटरच्या खालच्या टाकीत जी बारकी नळी असते तिच्यात, आजूबाजूला इंजिनाचं गरम कूलंट. आता विचार करा, कूलंटच १९०-२०० डिग्रीला (इथून पुढे सगळे आकडे फॅरनहाइटमध्ये) फिरतंय तर तेल त्याच्याखाली जाणार कसं.

हे मला माहीत कधी झालं, तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं वीस डॉलरचं ओबीडीचं ब्लूटूथ डोंगल लावल्यावर. त्याआधी दोन उन्हाळे मी ट्रेलर ओढत होतो आणि मस्त गाणी ऐकत होतो. डॅशबोर्डवर तेल तापल्याचा दिवा आहे, पण तो लागतो तोवर पोळी करपलेली असते. जूनमध्ये डोंगल लावून निघालो, मागे आमचा छोटा कँपर, भरून साधारण ३,२०० पौंड, म्हणजे दीड टनाच्या थोडा खाली. ब्लॅक कॅनियन सिटी सोडलं की सनसेट पॉइंटपर्यंत सरळ घाट आहे, बाहेर १०८, एसी चालू, पोरं मागे भांडतायत, आणि फोनवर पॅनमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तबकातल्या, तेलाचा आकडा १९०, २०५, २१८ करत २३८ ला जाऊन टेकला. सेल्सिअसमध्ये ११४. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे जो टॉर्क कन्व्हर्टर असतो त्यातून बाहेर पडणाऱ्या तेलाचा आकडा तर २६२ होता. बायको म्हणाली तू रस्ता बघतोयस का फोन. दोन्ही, पण तिला सांगितलं रस्ता.

२३८ म्हणजे किती वाईट? ट्रान्समिशनवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे, तेल १७५ च्या आसपास राहिलं तर उत्तम आणि त्याच्यावर दर २० डिग्रीला आयुष्य निम्मं. हा जुन्या मिनरल तेलांच्या काळातला हिशेब आहे, आताची सिंथेटिक तेलं जास्त सोसतात, त्यामुळे २३८ ला लगेच काही फुटत नाही. पण एकदा तेल काळं पडून जळका वास यायला लागला की आतले क्लच जायला लागतात आणि रिबिल्डचं बिल हजारांत असतं, तेही डॉलरच्या.

गरम का होतं हे थोडक्यात सांगतो कारण नंतर कामाला येतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, दुसरा नुसत्या वाऱ्याने फिरायला लागतो, टॉर्क कन्व्हर्टर तसाच चालतो फक्त हवेऐवजी तेल. दुसरा पंखा पहिल्यापेक्षा जरा मागे राहतो आणि जेवढा मागे राहील तेवढी ताकद तेलात उष्णता होऊन जाते. सपाट रस्त्यावर आत एक क्लच लागतो आणि दोन्ही पंखे एकमेकांना बांधले जातात, त्याला लॉक-अप म्हणतात, मग तेल तापत नाही. घाटात ओझं असलं की तो क्लच सुटतो, गाडी पाचवा-चौथा-पाचवा करत बसते, आणि सगळी उष्णता तेलात.

मला यात आमच्या काकांची टाटा ४०७ आठवते, परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागायच्या आधी ते पाण्याचा कॅन भरून घ्यायचे, गोणपाट ओलं करून ठेवायचे, आणि वाफ यायला लागली की बाजूला उभी करून बिडी ओढत बसायचे. त्यांच्या गाडीत गिअर हाताने पडायचे म्हणून गिअरबॉक्सच्या तेलाची चिंताच नव्हती. आपण ऑटोमॅटिक घेऊन ती चिंता विकत घेतली.

तर दोन उपाय. पहिला फुकट: घाट आला की गिअर डी वरून ४ वर ओढायचा. गाडी पाचव्यासाठी धडपडत नाही, आरपीएम वर राहतो, लॉक-अप जास्त वेळ टिकतो. पुढच्या फेरीला हे केलं, तोच घाट, साधारण तेवढंच ऊन, आकडा २२१ वर थांबला. सतरा डिग्री, एक पैसा न घालता! इंजिन जरा बोंबलतं, बोंबलू दे. कूलर घ्यायच्या आधी हे करून बघा आणि डोंगल लावून आकडे बघा, कितीतरी जणांना कूलरची गरजच नसेल. माझं २२१ ला समाधान झालं नाही कारण जुलै-ऑगस्ट बाकी होते.

दुसरा उपाय हा कूलर. इथल्या एका ट्रान्समिशन शॉपला विचारलं तर ४७५ डॉलर आणि दोन आठवड्यांनंतरची तारीख, आणि कुठला कूलर लावणार विचारलं तर म्हणे "चांगला लावतो". चांगला लावतो हे उत्तर मी भारतात पण ऐकलेलं आहे. म्हटलं आपणच लावू.

बाजारात तीन प्रकार दिसतात. एक नागमोडी नळी आणि तिच्यावर पत्र्या, स्वस्त, जुन्या फ्रीजच्या मागच्या जाळीसारखा, हलक्या कामाला ठीक. दुसरा प्लेट-अँड-फिन. तिसरा स्टॅक्ड प्लेट, म्हणजे चपट्या प्लेटांची चळत, तेल एका वेळी अनेक प्लेटांतून जातं. यातल्या चांगल्या डिझाइनमध्ये गंमत अशी की तेल थंड आणि घट्ट असताना ते सोप्या वाटेने निघून जातं आणि गरम होऊन पातळ झालं की सगळ्या प्लेटांत पसरतं, त्यामुळे थंडीत तेल अडकत नाही. मी स्टॅक्ड प्लेट घेतला, मधल्या साइजचा, ८४ डॉलर, तीन अष्टमांश इंचाच्या होजसाठी, म्हणजे रबरी नळीसाठी. ब्रँड लिहीत नाही. एक तर माझी तक्रार कूलरची नाही, डब्यातल्या बाकी सामानाची आहे, आणि शेजाऱ्याने दुसऱ्याच नावाचा आणला होता त्याच्याही डब्यात सेम सामान निघालं.

डब्यात काय काय: कूलर, चार फूट होज, चार क्लॅम्प, प्लॅस्टिकचे चार रॉड आणि कागद. कागदावर लिहिलंय "एक ते दोन तास". लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

कूलरबद्दल आधी बोलतो कारण तो खरंच चांगला आहे. वेल्डिंग साफ, कुठे मणी नाही, फिन म्हणजे बारीक पत्र्या सरळ, तोंडांना प्लॅस्टिकची बुचं होती म्हणजे आत धूळ नाही. रंग काळा, जाड. तोंडाला होज अडकायला जो उंचवटा असतो तो नीट आहे, काही स्वस्त मालात तो नावालाच असतो. एका कोपऱ्यात दोन फिन दबलेल्या, कुरिअरवाल्याने आपटला असेल, दात कोरायच्या काडीने सरळ केल्या.

आता रॉड. हे चार प्लॅस्टिकचे रॉड कंडेन्सरच्या फिनमधून आरपार घालायचे आणि पलीकडून चकती लावून ओढायचे, म्हणजे कूलर कंडेन्सरलाच लटकणार. कागदावर हीच मेन पद्धत दाखवलीय. कृपा करून हे करू नका. गाडी थरथरते, कूलरमध्ये तेल भरलेलं, वजन रॉडवर, रॉड फिनवर घासतो, फिनच्या शेजारी एसीच्या गॅसची नळी. साल-दोन साल जाईल, मग ऐन उन्हाळ्यात गॅस उडेल, आणि फिनिक्समध्ये जुलैत एसी गेलेली गाडी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. मी हार्डवेअरच्या दुकानातून एक इंच रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी आणली, तिचे दोन ब्रॅकेट वाकवले, एक बाजू हूडच्या (बॉनेटच्या) लॅचच्या उभ्या सपोर्टला आणि दुसरी वरच्या आडव्या पत्र्याला, आणि जिथे धातूला धातू लागतो तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. पोराच्या सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यावर मी फेकली नव्हती, बायको म्हणत होती कशाला ठेवलीय. यासाठी ठेवली होती. कूलर आणि कंडेन्सरमध्ये साधारण अर्धा इंच जागा सोडली, हलवून बघितलं, हलत नाही.

तोंडं वर किंवा आडवी ठेवायची, खाली नाही, नाहीतर आत हवा अडकून बसते.

काम सुरू केलं पहाटे साडेचारला. हौस नाही, इथे उन्हाळ्यात नऊनंतर गॅरेज म्हणजे वीटभट्टी. ग्रिल काढलं, वरचे बोल्ट सोपे, खालच्या क्लिप हळूच ओढायच्या असतात, मी जोरात ओढल्या, एक तुटली आणि एक उडून कुठे गेली ते देवाला माहीत. खालची स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून वाचवणारा पत्रा, काढली. इथवर अर्धा तास आणि मला वाटायला लागलं की दोन तासवाले बरोबर असतील.

मग पहिला खरा प्रश्न, रेडिएटरच्या दोन तेल-नळ्यांपैकी परतीची कुठली. हे महत्त्वाचं आहे कारण कूलर रेडिएटरच्या नंतर बसला पाहिजे: गिअरबॉक्समधून गरम तेल आधी रेडिएटरमध्ये, तिथून नव्या कूलरमध्ये, तिथून परत गिअरबॉक्समध्ये. उलटं लावलं तर हवेने थंड केलेलं तेल तुम्ही परत कूलंटमध्ये नेऊन गरम करणार, म्हणजे चहा फुंकून प्यायचा आणि कपात परत उकळता चहा ओतायचा. इंटरनेटवर दोन जण दोन उत्तरं देतात. सोपा उपाय, आदल्या रात्री गाडी फिरवून आणली आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही नळ्या मोजल्या, जी जास्त गरम ती जाणारी, जी कमी ती येणारी, त्यावर पांढरी चिकटपट्टी लावून झोपलो. या पूर्ण कामात मी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

इथे एक वाद आहे तो सांगून टाकतो. काही लोक म्हणतात रेडिएटरमधला कूलर पूर्ण बायपास करा, तेल फक्त नव्या कूलरमधून फिरवा. त्यांची भीती खोटी नाही. रेडिएटरच्या आतली ती नळी गळली की कूलंट आणि तेल एकत्र होतं आणि गुलाबी फेसाळ लस्सी तयार होते, इथले लोक तिला स्ट्रॉबेरी मिल्कशेक म्हणतात, कूलंट क्लचवरच्या अस्तराचा गोंद सोडवतं आणि गिअरबॉक्स गेला. निसानच्या २००५ ते २०१० च्या फ्रंटियर, एक्सटेरा आणि पाथफाइंडरमध्ये हे एवढं झालं की कोर्टात क्लास ॲक्शन, म्हणजे ग्राहकांचा एकत्र दावा, गेला आणि कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवावी लागली. पण रेडिएटर तेल नुसतं थंड करत नाही, हिवाळ्याच्या सकाळी गरमही करतो, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना जेव्हा नव्या कूलरवर वाराच नसतो तेव्हा कूलंटच कामाला येतं. माझा रेडिएटर गेल्याच वर्षी नवा टाकलाय, म्हणून मी दोन्ही एकामागे एक ठेवले. तुमचा बारा-चौदा वर्षांचा मूळचाच असेल तर आधी तो बदला, मग कूलरचं बघा.

टकोमात चांगली गोष्ट ही की लोखंडी पाइप कापावा लागत नाही. रेडिएटरच्या तोंडाला रबरी होजचा तुकडा आहे तो काढायचा आणि त्याच्या जागी नवा होज कूलरकडे न्यायचा, दुसरा होज कूलरकडून परतीच्या पाइपाकडे. डब्यातला होज मी वापरला नाही. एक तर चार फूट पुरत नाही, ताणून लावला तर वळणावर चिमटतो, आणि त्याच्यावर कसलाही छाप नव्हता. ट्रान्समिशनच्या तेलासाठी एसएई जे१५३२ असा छाप असलेला होज मिळतो, तोच घ्या, पेट्रोलचा होज चालतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, गरम तेलात तो कडक होतो. सहा फूट २२ डॉलर. जिथे होज पत्र्याच्या भोकातून जातो तिथे जुन्या होजचा तुकडा उभा चिरून वरून चढवला, पत्र्याची धार सुरीपेक्षा कमी नसते.

आणि आता क्लॅम्प, माझा गाढवपणा. डब्यातले क्लॅम्प ते नेहमीचे आडव्या खाचांचे, आवळले की खाचा रबरात रुततात आणि रबर कापतात. फ्युएल इंजेक्शनवाले क्लॅम्प येतात, कडा गुळगुळीत, गोल आवळतात. मला ते माहीत होतं. जोड किती, चार. दुकानात मी किती घेतले, तीन. कसे मोजले विचारू नका. पहाटे सहाला दुकान बंद, ऊन यायला लागलेलं, म्हटलं एकाला डब्यातला लावू, काय होतंय.

काय झालं ते सांगतो. सगळं जोडून इंजिन सुरू केलं, गळती नाही. कॉलनीत चक्कर मारली, गळती नाही. हायवेवर तीस मैल जाऊन आलो, गाडी ड्राइव्हवेवर लावली, आंघोळ केली, खाली आलो तर काँक्रीटवर रुपयाएवढा लाल ठिपका. मग वाटीएवढा. कुठला जोड ते ओळखलंच असेल. गरम झाल्यावर रबर बसलं, क्लॅम्प सैल पडला, त्या खाचांतून तेल पाझरलं. चौथा क्लॅम्प आणला, लावला, बाकीचे तीनही गरम-थंड झाल्यावर पुन्हा अर्धा आटा आवळले, हे सगळ्यांनीच करावं. डागावर मांजराच्या शीची वाळू टाकून बुटाने घासली, आमच्याकडे मांजर नाही, पिशवी खास आणली. तरी डाग दिसतो आणि सोसायटीवाल्यांची चिठ्ठी आलीच, रंगीत फोटोसकट. पाण्याचा टँकर आला का विचारायला हे लोक कधी आले नसते, पण ड्राइव्हवेवरचा डाग लगेच दिसतो.

तेलाची पातळी हे या कामातलं खरं अवघड प्रकरण आणि किटच्या कागदावर याबद्दल एक ओळ आहे, "डिपस्टिकने तपासा". या गाडीला डिपस्टिकच नाही. बाजूला २४ चा फिलर बोल्ट, त्यावर डब्ल्यूएस लिहिलेलं असतं, म्हणजे टोयोटाचं डब्ल्यूएस तेलच टाकायचं, आणि पॅनच्या खाली पाच नंबरच्या ॲलन कीचा चेक प्लग. पद्धत अशी की गाडी सपाट जागी उचलून, इंजिन चालू, गिअर एकदा सगळ्या जागी फिरवून पार्कमध्ये, आणि तेल ११५ ते १३३ डिग्रीच्या मधे असताना चेक प्लग उघडायचा. धार लागली तर जास्त आहे, वाहू द्या, धार तुटून थेंब-थेंब झालं की बरोबर, प्लग बंद. काहीच आलं नाही तर वरून टाका. चुकीच्या तापमानाला उघडलं तर आकडा चुकणार कारण तेल गरम झालं की फुगतं.

आता फिनिक्सच्या उन्हाळ्यात ११५ ते १३३ ही खिडकी किती वेळ उघडी असते बघा. रात्रीच नव्वदच्या खाली जात नाही, गाडी सुरू केली की तेल भराभर चढतं, तुम्ही खाली झोपून ॲलन की शोधेपर्यंत १४० होतं. पहिल्या दिवशी चुकली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा, बायकोला सीटवर बसवलं, फोन तिच्या हातात, ती आकडे ओरडतेय, एकशे बारा, चौदा, सोळा, उघड, आणि मी खाली, तेल कोपरापर्यंत. नव्या कूलर आणि होजमध्ये मिळून अर्ध्या क्वार्टच्या (क्वार्ट म्हणजे लिटरला जरा कमी) आसपास तेल गेलं होतं, तेवढं टाकलं. डोंगल नसेल तर ओबीडीच्या पोर्टमध्ये ४ आणि १३ नंबरची पिन तारेने जोडून डॅशबोर्डवरच्या डी च्या दिव्यावरून तापमान ओळखायची पद्धत पण आहे, मी केली नाही, माझा हात तारेच्या बाबतीत चांगला नाही.

एकूण वेळ, शनिवारचे सात तास आणि रविवारचा एक. खर्च कूलर ८४, होज २२, क्लॅम्प ९ अधिक नंतरच्या एकाचे ३, दोन क्वार्ट तेल २०, पट्टी ८, म्हणजे १४६ आणि मांजराची वाळू वेगळी.

निकाल. ऑगस्टमध्ये तोच कँपर, तोच घाट, बाहेर १०७, गिअर ४ मध्ये, पॅनचा आकडा २०१ वर थांबला, ९४ सेल्सिअस. आधी ४ मध्ये २२१ होता, डी मध्ये २३८. म्हणजे एकूण ३७ डिग्रीत जवळपास निम्मा वाटा गिअरचा आणि थोडा जास्त कूलरचा. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल २२८ ला गेलं पण तिथून रेडिएटर, कूलर आणि मग पॅन, त्यामुळे चालतंय. सगळ्यात जास्त फरक मला घाटात नाही तर घाटानंतर दिसला, आधी सनसेट पॉइंटवरून पुढे सपाटीला लागलं तरी आकडा वीस-पंचवीस मिनिटं उतरायचा नाही, आता पाचेक मिनिटांत १८० ला येतो. ट्रेलरशिवाय शहरात १६५ ते १७५. एसीवर परिणाम? कूलर कंडेन्सरच्या पुढे म्हणजे कंडेन्सरला जरा गरम हवा जाणार हे उघड आहे, सिग्नलला उभं असताना एक-दोनदा वाटलं की हवा कोमट झाली, पण ११२ मध्ये सिग्नलला उभ्या कुठल्याही गाडीत तसं वाटतं.

जानेवारीत फ्लॅगस्टाफला बर्फात गेलो तेव्हा तेल १४० च्या वर जायला बराच वेळ लागला. चाललं, पण मिनेसोटा किंवा टोरोंटोकडचे मराठी लोक वाचत असतील तर थर्मोस्टॅटवाला घ्या, फार थंड तेलही बरं नाही.

एक गैरसमज फार दिसतो म्हणून लिहितो, कूलर लावला म्हणून गाडी जास्त ओढत नाही. टो पॅकेज नसलेल्या या गाडीची मर्यादा ३,५०० पौंड आहे आणि कूलर लावून ती ६,५०० होत नाही. आमच्याच ग्रुपमधला एक जण कूलर लावून मोठा कँपर घ्यायला निघाला होता, त्याला विचारलं ब्रेक कोण लावणार, कूलर का.

भारतात कोणी हायलक्स किंवा व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक घेऊन हे वाचत असेल तर ओढायला काही नसताना लावू नका, खंबाटकीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी कंपनीचं कूलिंग पुरतं, आणि वॉरंटीतल्या गाडीच्या तेलाच्या नळ्या तर अजिबात उघडू नका. आखातात बोट नाहीतर जेट-स्की ओढणारे आहेत, त्यांनी नक्की विचार करावा, तुमचं ऊन आमच्यासारखंच आहे. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, असेल तर हा किट तुमच्यासाठी नाही.

स्टार द्यायचे तर कूलरला पाच, होजला दोन, क्लॅम्पला एक, रॉडला शून्य आणि त्या कागदाला माझ्याकडून काही नाही. विकणाऱ्याने नुसता कूलर ६५ ला विकला असता तर मी जास्त आनंदाने घेतला असता. कोणी घेणार असेल तर क्लॅम्प चार घ्या, पाच घ्या. आणि ती उडालेली ग्रिलची क्लिप अजून सापडलेली नाही, साठ मैलांच्या वर गेलं की डाव्या बाजूने खडखड येते, बायको म्हणते हा तुझा कूलर वाजतो.